देणगीआधी शेड्यूल आठ वाचा

२०१४ साली आई गेली. वर्षश्राद्धाला मोठी जेवणावळ घालण्याऐवजी तिच्या नावाने मुलींच्या शिक्षणाला पैसे द्यायचे, असं आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं. आईला चौथीतून शाळा सोडावी लागली होती आणि ते तिला शेवटपर्यंत लागून राहिलं होतं. दादाने शेजारच्या तालुक्यातलं मुलींचं एक वसतिगृह सुचवलं. आम्ही बघून आलो. सारवलेलं अंगण, कडुलिंबाचं झाड, भिंतीला ओळीने लावलेल्या पत्र्याच्या पेट्या आणि प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं मुलीचं नाव. पुढच्या जूनपासून दरवर्षी साठ हजार रुपये द्यायला लागलो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि मुली आपापल्या घरी गेल्या. नोव्हेंबरमध्ये संस्थेचं पत्र आलं की वसतिगृह कायमचं बंद करत आहोत. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा त्या मुलींना परत यायला जागाच उरली नव्हती. त्यातल्या किती जणी पुन्हा शाळेत गेल्या, हे विचारायचा धीर मला आजही होत नाही.

मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात सव्वीस वर्षं ऑडिटचं काम केलं आहे. ट्रस्टची हिशेबपत्रकं शेकड्याने माझ्या हाताखालून गेली. जिथे आमच्या आईच्या नावाचे पैसे जात होते त्या संस्थेचं पत्रक मात्र मी एकदाही मागितलं नाही. वसतिगृह बंद झाल्यावर मागितलं. ३१ मार्च २०१९ चा ताळेबंद, म्हणजे त्या दिवशी संस्थेकडे काय आहे आणि ती काय देणं लागते याचा कागद, समोर ठेवला आणि पाच मिनिटांत काय झालं ते कळलं. दीड वर्ष आधीच ते त्या कागदावर लिहिलेलं होतं.

तो कागद कसा वाचायचा ते सांगते. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सार्वजनिक न्यासांपुरतंच, म्हणजे पब्लिक ट्रस्टपुरतंच बोलते, कारण माझा सगळा अनुभव तिथलाच आहे.

काय मागायचं आणि कसं मागायचं

आपल्याकडे सार्वजनिक न्यासांना १९५० चा कायदा लागू आहे. पूर्वी तो मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम होता, आता त्यात मुंबईऐवजी महाराष्ट्र म्हणतात. या कायद्याने हिशेबाचे नमुने ठरवून दिले आहेत. ताळेबंद शेड्यूल आठमध्ये आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक शेड्यूल नऊमध्ये द्यावं लागतं. सोबत ऑडिटरचा अहवाल असतो. दहा मुलांचं बालभवन असो की मोठं देवस्थान, नमुना एकच. म्हणून एकदा वाचायची सवय झाली की कुठल्याही न्यासाचे कागद वाचता येतात.

मागायचे ते तीन वर्षांचे. एका वर्षाच्या पत्रकावरून काही ठरवू नका, कारण एखाद्या वर्षी मोठी देणगी येते किंवा छत गळतं आणि चित्र पार बदलतं. मी फोनवर एवढंच म्हणते: "दादा, आमच्या आईच्या नावाने दरवर्षी देणगी द्यायची आहे. गेल्या तीन वर्षांचं शेड्यूल आठ, शेड्यूल नऊ आणि ऑडिटरचा रिपोर्ट पाठवाल का?" आवाज मऊ ठेवायचा. समोरचा माणूस बहुतेक वेळा बिनपगारी सचिव असतो, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी संस्थेचं काम बघतो. हिशेबनीस आठवड्यातून दोनदा येत असतो. कागद यायला पंधरा दिवस लागले तर त्यात काही काळंबेरं आहे असं धरू नका.

"आमच्याकडे ८० जी आहे, काळजी करू नका" असं उत्तर आलं तर मात्र पुन्हा विचारा. ८० जी म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता, नीती आयोगाकडचा दर्पण क्रमांक, धर्मादाय कार्यालयाचा ई किंवा एफ क्रमांक, कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीसाठीचा सीएसआर क्रमांक, ही सगळी नोंदणी आहे. नोंदणी म्हणजे जन्माचा दाखला. तो बघून माणसाला ताप आहे की नाही ते कळत नाही.

वर्ष ३१ मार्चला संपतं आणि सहा महिन्यांत ऑडिट व्हायला हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेल्या मार्चचे कागद तयार नसतील तर थोडी सवलत द्या. दोन वर्षांपूर्वीचे कागद पुढे करून "पुढचं ऑडिट चालू आहे" म्हणत असतील तर तिथेच थांबा. इतकं रखडलेलं ऑडिट मी जिथे जिथे पाहिलं तिथे पैशाची चणचण तरी होती, नाहीतर विश्वस्तांत भांडण तरी होतं.

डावी बाजू काय म्हणते आणि उजवी काय म्हणते

शेड्यूल आठच्या डाव्या बाजूला निधी आणि देणी असतात, उजवीकडे मालमत्ता आणि येणी. लोक तळाची बेरीज बघतात. दोन्हीकडे तोच आकडा दिसला की समाधानाने कागद बाजूला ठेवतात. बेरीज जुळणारच. ती जुळली याचा अर्थ हिशेबनिसाला बेरीज येते, एवढाच.

आमच्या वसतिगृहाचा ताळेबंद असा होता. डावीकडे कायम निधी, ज्याला सगळे कॉर्पस म्हणतात, १२ लाख. नवी इमारत बांधण्यासाठी गोळा केलेला इमारत निधी १८ लाख ४० हजार. विश्वस्तांकडून घेतलेलं कर्ज ३ लाख. किरकोळ देणी २ लाख १० हजार. बेरीज ३५ लाख ५० हजार.

उजवीकडे जुनी इमारत आणि जागा, घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, वजा जाता ११ लाख ८० हजार. कॉट, पेट्या, भांडी १ लाख ४५ हजार. दिलेल्या उचली, म्हणजे आगाऊ रकमा, २ लाख २० हजार. बँकेत १ लाख ९० हजार. आणि शेवटची ओळ: उत्पन्न-खर्च खाते, १८ लाख १५ हजार. बेरीज ३५ लाख ५० हजार.

आता इमारत निधीच्या ओळीवर बोट ठेवा. १८ लाख ४० हजार रुपये लोकांनी नव्या इमारतीसाठी दिले. इमारतीची एक वीटही लागलेली नव्हती. मग ते पैसे बँकेत किंवा मुदत ठेवीत दिसायला हवेत. बँकेत आहेत १ लाख ९० हजार. मग बाकीचे गेले कुठे? उत्तर शेवटच्या ओळीत आहे. उत्पन्न-खर्च खातं उजव्या बाजूला असेल तर ती साचलेली तूट असते. मालमत्तेच्या रांगेत छापलेलं असतं म्हणून बघणाऱ्याला ते काहीतरी 'आहे' असं वाटतं. प्रत्यक्षात ते खड्ड्याचं माप आहे. पाच-सहा वर्षं किराणा, लाइटबिल, अधीक्षिकाबाईंचा पगार भागत नव्हता आणि तो इमारतीच्या पैशांतून भागवला जात होता. १८ लाख ४० हजारांचा निधी आणि १८ लाख १५ हजारांची तूट, दोन आकडे शेजारी ठेवले की वेगळं काही सांगावं लागत नाही.

कोणी पैसे खाल्ले नव्हते, हे मला आवर्जून सांगायचं आहे. प्रत्येक रुपयाचं व्हाउचर होतं. मुली जेवल्या, शिकल्या. पण संस्था स्वतःचंच बी-बियाणं दळून खात होती, आणि आमच्यासारखे देणगीदार दरवर्षी अंगणात उभे राहून फोटो काढून परत येत होते.

म्हणून पहिली तपासणी ही करा. डावीकडच्या प्रत्येक राखीव निधीसाठी उजवीकडे तेवढी रोकड, बँकशिल्लक किंवा ठेव आहे का? शिष्यवृत्ती निधी ६ लाख लिहिलाय, तर ६ लाखांच्या ठेवी दाखवा म्हणावं. कॉर्पसचं जरा वेगळं असतं, तो कधीकधी देणगीदाराच्या संमतीनेच इमारतीत गेलेला असतो. कामानुसार बांधलेल्या निधीचं तसं नाही. तो त्या कामात तरी दिसला पाहिजे, नाहीतर बँकेत तरी.

किती महिने चालेल

उद्या देणग्या बंद झाल्या तर ही संस्था किती महिने पगार आणि किराणा भागवेल? माझ्या मते आर्थिक प्रकृतीचा खरा प्रश्न हाच आहे. त्याचा हिशेब पोस्टकार्डावर मावेल.

आम्ही आता ज्या संस्थेला देतो तिचे आकडे घेते. पहिल्यांदा कागद मागवले त्या वर्षी बँकेत आणि ठेवीत मिळून ३१ लाख होते. त्यातून कॉर्पसचे १० लाख वजा, कारण त्याचं फक्त व्याज वापरायचं असतं. शिष्यवृत्ती निधीचे ६ लाख वजा. देणी २ लाख वजा. उरले १३ लाख. हे मोकळे पैसे. वर्षाचा खर्च ४२ लाख, पण त्यात ३ लाख घसारा होता आणि घसाऱ्याला खिशातून पैसे जात नाहीत. म्हणजे रोखीचा खर्च ३९ लाख, महिन्याला सव्वातीन लाख. १३ भागिले सव्वातीन, चार महिने.

वसतिगृहाचा हाच हिशेब केला तर उत्तर शून्याच्या खाली जातं.

चार महिने म्हणजे चांगलं की वाईट? तीनच्या खाली असेल तर मी काळजीने प्रश्न विचारते, सहाच्या वर असेल तर निर्धास्त होते. हा माझा स्वतःचा मापदंड आहे, कायद्यात असं काही नाही. कायद्याचा ओढा तर उलटाच आहे. आयकराची सूट टिकवायची तर न्यासाला उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो. १५ टक्के विनाअट शिल्लक ठेवता येतात. त्याहून जास्त साठवायचं तर कारण लिहून द्यावं लागतं आणि साधारण पाच वर्षांत त्याच कारणासाठी ते वापरावं लागतं. त्यामुळे गाठीशी चार पैसे बांधायला न्यासाला वर्षानुवर्षं लागतात. एखाद्या छोट्या संस्थेकडे आठ महिन्यांची मोकळी शिल्लक दिसली तर "यांना पैशाची गरज काय?" असं म्हणू नका. त्यांनी ती पै-पै करून जमवलेली असते.

हां, वर्षाचा खर्च ३० लाख आणि मोकळ्या ठेवी तीन कोटी, असंही दिसतं. अशा ठिकाणी मी सरळ विचारते की हे कशासाठी ठेवलंय. नीट उत्तर आलं तर ठीक, नाहीतर आमचे साठ हजार दुसरीकडे जास्त कामी येतील.

ठेवी कुठे आहेत

शेड्यूल आठमध्ये बँकशिल्लक कोणत्या बँकेत, हे लिहायला जागा असते. तिथे नाव वाचा. न्यासाने पैसे कुठे गुंतवायचे यावर कायद्याच्या कलम ३५ चं बंधन आहे. पतसंस्थेचं नाव दिसलं तर थबकायचं. बँकेतल्या ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, त्याआधी तो एक लाखच होता. हे पाच लाख एका ठेवीदाराचे एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, व्याजासकट. पतसंस्थेतल्या ठेवींना तो विमाच नाही.

रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला हजार रुपयेच काढता येत होते. अशा वेळी ताळेबंदात ठेव पूर्ण दिसते, पगाराला मात्र रुपया मिळत नाही. म्हणून तीस लाखांच्या ठेवी एकाच लहान बँकेत असतील तर मी मोकळे महिने मोजताना त्या पूर्ण धरत नाही, आणि सचिवांना तसं स्पष्ट सांगतेही. दोन ठिकाणी लोकांनी ते मनावर घेऊन ठेवी विभागल्या.

त्याच ओळींच्या खाली आणखी दोन ओळी असतात: विश्वस्तांकडे शिल्लक आणि व्यवस्थापकाकडे शिल्लक. म्हणजे हातातली रोकड. तिथे चार-पाच हजार असणं साहजिक आहे. दरवर्षी ३१ मार्चला दीड-दोन लाख दिसत असतील तर ती रोकड कपाटात आहे की फक्त कागदावर, हे विचारायलाच हवं.

शेड्यूल नऊ, आणि पगाराबद्दलचा एक गैरसमज

उत्पन्नाच्या बाजूने सुरुवात करा. भाडं, व्याज, देणग्या, अनुदान. मला एकच बघायचं असतं, की सगळ्यात मोठा दाता हात काढून घेईल तेव्हा काय उरेल. एकाच कंपनीचा सीएसआर निधी एकूण उत्पन्नाच्या साठ-सत्तर टक्के असेल तर संस्था त्या कंपनीच्या एका बैठकीवर उभी आहे असं समजा. २०२० मध्ये असंच झालं. कंपन्यांचा पैसा कोविडच्या कामाकडे वळला. त्याच सप्टेंबरमध्ये परकीय देणग्यांचा कायदा बदलला आणि परदेशातून आलेली रक्कम एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. मोठ्या शहरातल्या संस्थेमार्फत ज्यांना पैसे मिळायचे, त्या तालुक्यातल्या संस्थांचा झरा एका फटक्यात आटला. याउलट ज्यांच्याकडे वर्षाला पाचशे-हजार देणारी तीनशे माणसं होती, त्या संस्था कशाबशा का होईना तगल्या.

खर्चाच्या बाजूला आस्थापना खर्च, म्हणजे संस्था चालवण्याचा खर्च, वेगळा आणि उद्दिष्टांवरचा खर्च वेगळा दाखवतात. देणगीदारांना आस्थापना खर्चाचा राग असतो. "आमचा पैसा पगारात जाऊ नये" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. पण वसतिगृहात रात्री अडीच वाजता तापाने फणफणलेल्या मुलीला रिक्षात घालून दवाखान्यात नेते ती अधीक्षिका. तिचा पगार हेच वसतिगृहाचं काम आहे. आमच्या त्या संस्थेचा आस्थापना खर्च सहा टक्के होता आणि दरवर्षीच्या पत्रात ते अभिमानाने लिहिलेलं असायचं. अधीक्षिकाबाईंना महिना साडेसहा हजार मिळत होते. हिशेब लिहायला कुणी धड माणूस नव्हता. एखाद्याने वेळेवर हिशेब मांडला असता तर इमारत निधी संपत चाललाय, हे २०१६ मध्येच बैठकीत आलं असतं.

शिवाय कुठला पगार आस्थापनेत धरायचा आणि कुठला उद्दिष्टांत, हे प्रत्येक संस्था आपापल्या पद्धतीने ठरवते. म्हणून दोन संस्थांची टक्केवारी शेजारी ठेवून काही कळत नाही. एकाच संस्थेची तीन वर्षं शेजारी ठेवा. पंधरावरून एकदम तीस झाली तर विचारा.

एक बारीक गोष्ट अनुभवाने सांगते. अनेक लहान न्यास रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवतात, म्हणजे पैसे दिले तरच खर्च लिहायचा. अशा वेळी चार महिन्यांचे थकलेले पगार आणि दुकानाची उधारी ताळेबंदात कुठेच दिसत नाही. ती बघायला प्रत्यक्ष जावं लागतं. मी स्वयंपाकघरात जाते. मावशींशी बोलते, कुठल्या गावच्या, मुलं काय करतात. ओघात विचारते, "पगार महिन्याच्या महिन्याला होतो ना, मावशी?" नवीन संस्थेत विचारलं तेव्हा मावशींनी पोळी लाटता लाटता म्हटलं, "पाच तारखेला होतो, दिवाळीत आधी." आमच्या जुन्या वसतिगृहाजवळचा किराणा दुकानदार मला नंतर भेटला. त्याची वही त्याने उघडून दाखवली. एक लाख बारा हजारांची उधारी, मार्च २०१९ च्या आधीचीही त्यात होती. ताळेबंदातल्या देण्यांत त्यातला एक रुपयाही नव्हता.

ऑडिटरच्या अहवालातली होय आणि नाही

हा अहवाल बहुतेक जण उलटून टाकतात. तो एक प्रश्नांचा तक्ता असतो, समोर होय किंवा नाही. सगळे प्रश्न वाचायची गरज नाही. रोख शिल्लक आणि व्हाउचर हिशेबाशी जुळले का, हा एक. वर्षाहून जास्त काळ थकलेलं येणं किती आणि बुडीत काढलेलं किती, हा दुसरा. कुणी विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे का, म्हणजे तो न्यासाचं देणं लागतो का किंवा न्यास त्याचं, हा तिसरा. कलम ३५ सोडून कुठे गुंतवणूक आहे का. आणि गेल्या वर्षी ऑडिटरने दाखवलेल्या त्रुटी दूर केल्या का. या शेवटच्या प्रश्नापाशी मी सगळ्यात जास्त थांबते, कारण त्यासाठी मागच्या वर्षीचा अहवाल काढून पडताळता येतं. दोन वर्षं तीच त्रुटी आणि समोर 'होय, पूर्तता केली' असं दिसलं तर तक्ता मागच्या वर्षीवरून उतरवून काढलाय हे कळतं.

विश्वस्ताने संस्थेला कर्ज दिलं असेल तर ते पुष्कळदा चांगुलपणानेच दिलेलं असतं. पगाराची तारीख आली, खात्यात पैसे नाहीत, अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून घातले. पण न्यासासाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ती घेतली आहे का, हे विचारायला लाजू नका. आणि दरवर्षी ते कर्ज वाढत असेल तर संस्था एका माणसाच्या प्रकृतीवर चालली आहे. त्याला काही झालं की वारस पैसे परत मागायला येतात. उलट दिशेचा व्यवहार, म्हणजे न्यासाने विश्वस्ताला दिलेली उचल, जागेचं भाडं विश्वस्ताच्या घरच्यांना, पुरवठा त्यांच्याच दुकानातून, हे दिसलं आणि समाधानकारक खुलासा मिळाला नाही तर मी देत नाही. इथे मी कुणाचं ऐकत नाही.

जाताजाता शेड्यूल एकचा उतारा मागा. त्यावर सध्याच्या विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो, आणि तो वर्षानुवर्षं प्रलंबित राहतो. उताऱ्यावरच्या सातपैकी तिघे हयात नसतील आणि नव्यांची नोंद झाली नसेल तर उद्या वाद झाल्यावर बँक खातं गोठवू शकते. पैसे असूनही संस्था अडकते.

आपण देणारे काय करतो

एवढे कागद वाचल्यावर एक गोष्ट मला फार लागली. इमारत निधीला १८ लाख जमले, कारण खोलीवर नाव लागणार होतं. आम्हीसुद्धा पहिल्या तीन वर्षांच्या पत्रात "कायम निधीत जमा करावे" असं लिहिलं होतं, का, तर आईचं नाव कायम राहील. देणगीदाराने कॉर्पससाठी म्हणून दिलेला पैसा संस्थेला रोजच्या खर्चाला वापरता येत नाही. म्हणजे लाइटबिलाला पैसे नसताना आम्ही तिजोरीत पैसे टाकून किल्ली बरोबर घेऊन येत होतो. सगळ्यांना खोली बांधायची होती, त्या खोलीत दिवा लावायला कुणी तयार नव्हतं.

आता आम्ही दोनच अटी पाळतो. पैसे बँकेतून द्यायचे. दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला तसंही आयकराची वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ८० जीची वजावटच मिळत नाही. पण आमचं कारण ते नाही, बँकेतून गेलेला पैसा हिशेबात दिसतोच. दुसरी अट, किमान तीन वर्षं देणार असं आधी लेखी कळवायचं. सचिवांना पुढच्या वर्षीचा अंदाज बांधता येतो, आणि देणगीदाराने संस्थेला दिलेली ती सगळ्यात उपयोगी वस्तू आहे असं मला वाटतं.

गेल्या जूनमध्ये नव्या संस्थेचे कागद आले तेव्हा मोकळे महिने चारवरून तीनवर आले होते. बँकेत २८ लाख, त्यातून १० लाख, ६ लाख आणि दीड लाख वजा केले, साडेदहा उरले, आणि खर्च महिना साडेतीन लाखांवर गेलेला. मी सचिवांना फोन केला. त्यांनी न अडखळता सांगितलं: बोअर आटला, दुसरा मारावा लागला, आणि दोन सेविकांचे पगार वाढवले. "ताई, तुम्ही विचाराल हे माहीत होतं, मी कागद समोरच ठेवलाय," असं म्हणाले. पुढच्या वर्षात शिल्लक परत चार महिन्यांवर कशी आणायची, तेही त्यांच्याकडे लिहून तयार होतं.

दादाला आणि धाकटीला मी ते पाठवलं. त्या वर्षी आम्ही साठऐवजी नव्वद हजार दिले, आणि सोबतच्या पत्रात लिहिलं: "ही रक्कम संस्थेच्या चालू खर्चासाठी आहे. पगार, वीजबिल, किराणा, जिथे गरज असेल तिथे वापरावी. कायम निधीत जमा करू नये. नावाची पाटी लावू नये."